हवेतला ठोका

"आधी स्टूल," शामुवेल काका म्हणाले. "चप्पल घेताना आधी पाय बघतात. ड्रमसेट घेताना आधी बूड बघायचं. बस."

इरण्णा बसला. काकांनी खाली वाकून त्याच्या गुडघ्याकडं बघितलं, स्टूल दोन बोटं खाली घेतलं, परत बघितलं.

"आता कसं?"

"बरं वाटतंय."

"बरं नको. घरात बसल्यासारखं वाटलं पाहिजे."

मी मागं उभा राहून म्हणालो, "काका, याच्या घरात बसायला जागाच न्हाई. सहा माणसं आणि एक मांजर. हा उभ्यानंच वाढलाय."

काका हसले. इरण्णा हसला नाही. त्याची पाठ माझ्याकडं होती. मला वाटलं, गडी टेन्शनमध्ये आहे.

टेन्शन असणारच. आम्ही दोघं इचलकरंजीचे, दस्तगीर मास्तरांच्या ऑर्केस्ट्रात. इरण्णा ड्रम वाजवायचा आणि मी निवेदन करायचो. म्हणजे दोन गाण्यांच्या मधे माईक धरून लोकांना हसवायचं, पुढाऱ्यांचे आवाज काढायचे, कुत्र्यामांजराचे काढायचे. पब्लिकला दोन्हीतला फरक कळला तर माझं नशीब. ड्रम आजवर भाड्याचे यायचे. पण मास्तरांनी इरण्णाला सांगितलं होतं, "बेटा, रविवारच्या कार्यक्रमाला स्वतःचा सेट घेऊन ये. खुर्ची कायमची तुझी. न्हाई जमलं तर सांगलीचा एक पोरगा हाय, त्याच्याकडं सेट हाय." मास्तर कधी चढ्या आवाजात बोलायचे नाहीत. म्हणून त्यांचं बोलणं जास्त लागायचं.

खुर्ची गेली तर इरण्णाला परत मागावर जावं लागणार होतं. बाराव्या वर्षापासून दहा वर्षं त्यानं यंत्रमाग चालवला होता. ऑर्केस्ट्रात आला तेव्हा मला म्हणाला होता, "जिन्या, मी मेलो तर मला जाळा, पुरा, काय पण करा. पण त्या शेडवरनं नेऊ नका."

म्हणून गुरुवारी सकाळी आम्ही मिरजेला आलो होतो. सतार, तंबोरे, तबले यांच्या गल्लीत शामुवेल काकांचं दुकान एकटंच असं, की जिथं ड्रम मिळायचे. काका स्वतः पूर्वी बँडमध्ये ड्रम वाजवायचे. सत्तरीचे, ताठ, पांढरा शर्ट पँटीत खोचलेला.

दुकानात दोन सेट होते. एक लालभडक, चमकीचा. पाच ड्रम, निकेलच्या दांड्या, लग्नातल्या घोड्यासारखा सजलेला. दुसरा तपकिरी लाकडाचा, चार ड्रमचा, जुना. त्याचा बेस ड्रम मात्र दांडगा, पिठाच्या पिंपाएवढा.

"लाल घे," मी इरण्णाच्या समोर येऊन म्हणालो. "स्टेजवर लाईट पडला की पोरी तुझ्याकडं बघतील. नाहीतर माझ्याकडं बघून बघून त्यांचं वाटोळं व्हायलंय."

इरण्णानं लाल सेटवर दोन मिनिटं वाजवलं आणि उठला. मग त्यानं चप्पल काढली. मला वाटलं, कुणी देवघरात चाललंय का काय. तपकिरी सेट लाकडी फळ्यांच्या चौथऱ्यावर मांडला होता. त्यावर तो अनवाणी चढला, स्टुलावर बसला, उजवा पाय पेडलवर ठेवला, डावा सपाट फळीवर. एक ठोका दिला. थांबला. दुसरा दिला. डोळे मिटले.

मग हळूहळू वाजवायला लागला. काय वाजवत होता ते मला कळत नव्हतं, पण तो सेट त्याच्या अंगावर शिवल्यासारखा बसला होता. कोपर कुठं अडत नव्हतं, खांदा कुठं उचलत नव्हता. एरवी भाड्याच्या सेटवर इरण्णा दुसऱ्याची सायकल चालवल्यासारखा वाजवायचा.

"हाच," तो डोळे उघडून म्हणाला.

काका म्हणाले, "मला माहीत होतं. लाल बघणाऱ्यासाठी आहे. हा वाजवणाऱ्यासाठी."

राहिल्या फक्त सिंबल. सिंबल म्हणजे त्या पितळी थाळ्या, ज्या काठी लागली की च्यँऽऽ करतात. काकांनी चार थाळ्या चार स्टँडवर एका ओळीत लावल्या.

"आता इकडं पाठ कर," ते इरण्णाला म्हणाले. "सिंबल बघून घ्यायची नसते. डोळा लबाड असतो. चकचकीत दिसली की कान पण तिचंच ऐकतो. भिंतीकडं तोंड कर, मी एकेक मारतो, तू सांग कुठली."

इरण्णा क्षणभर तसाच उभा राहिला.

"बघून घेतली तर न्हाई चालणार?"

"आमच्या दुकानात नाही."

तो वळला. भिंतीला बासऱ्यांचं काचेचं कपाट होतं, त्याच्याकडं तोंड करून उभा राहिला. काकांनी काठी उचलली, तेवढ्यात बाहेर गिऱ्हाईक आलं. त्यांनी काठी माझ्या हातात दिली. "तू मार. एकेक, सावकाश. मी आलोच."

आता माकडाच्या हातात काठी दिल्यावर दुसरं काय होणार?

पहिल्या दोन चक्करा मी सरळ मारल्या. इरण्णा "न्हाई" म्हणायचा, "परत" म्हणायचा, "पुढची" म्हणायचा. अगदी तालेवार माणसासारखं मान हलवत होता. ते बघून माझ्या पोटात गुदगुल्या व्हायला लागल्या. तिसऱ्या चक्करीत पहिली मारली, दुसरी मारली, तिसरी मारली. चौथीवर मी हात असा जोरात उगारला, असा आणला, आणि थाळीच्या एक वीत अलीकडं थांबवला. हवेत ठोका. आवाज शून्य.

"ही," इरण्णा म्हणाला.

मी तोंडावर हात दाबला. माझे खांदे गदागदा हलायला लागले.

"हीच," तो परत म्हणाला. "हिचा आवाज कसा सुटसुटीत हाय."

मला वाटलं, गड्यानं माझ्यावर उलटवली. शाब्बास म्हणून मी त्याच्या पाठीवर थाप मारणार, तर दारात शामुवेल काका उभे. त्यांनी सगळं बघितलं होतं. ते हसत नव्हते. ते इरण्णाच्या पाठीकडं बघत होते, मग कपाटाच्या काचेकडं बघितलं. काचेत मी दिसत होतो, हातात काठी घेतलेला.

ते सावकाश आत आले. इरण्णाच्या पुढं जाऊन, अगदी तोंडासमोर उभे राहून, एकेक शब्द सुटा सुटा म्हणाले, "चौथी चांगली आहे. बरोबर ओळखलीस."

सामान बांधताना त्यांनी मला कोपऱ्यात घेतलं. "बँडमध्ये आम्ही अर्धे असेच होतो," ते हळूच म्हणाले. "कोणी कोणाचं बोलायचं नाही. तू पण बोलायचं नाही."

"काय बोलायचं न्हाई?" मी विचारलं. खरंच विचारलं. तोपर्यंत माझ्या टाळक्यात उजेड पडला नव्हता.

काकांनी माझ्याकडं बघितलं आणि दोरीची गाठ आवळली.

टेम्पोच्या हौद्यात आम्ही दोघं ड्रमच्या मधे बसलो होतो. इरण्णानं बेस ड्रमला मिठी मारलेली. मी त्याच्या मागं टेकलो होतो. अंकलीचा पूल लागला तेव्हा मी म्हणालो, "इरण्णा." तो नदीकडं बघत होता. "इरण्णा, तुझ्या पायावर इंचू हाय." तो बघतच राहिला.

मी सरकून त्याच्या पुढं आलो. त्यानं आधी माझ्या तोंडाकडं बघितलं. डोळ्यांकडं नाही, तोंडाकडं. आणि मला आठवलं, हा नेहमी तिथंच बघतो.

"तू हवेत मारलीस न्हवं?" तो म्हणाला.

"तुला कसं कळलं?"

"काचेत तुझे खांदे हलले. सिंबल मारताना कुणी असं हसतं व्हय?"

"मग ही का म्हणालास?"

"हात आला म्हणून म्हणालो. खांदे नंतर हलले."

मग बेस ड्रमवर तळवा ठेवून म्हणाला, "जाड आवाज येतोय अजून. पायातनं, बुडातनं येतो. बारीक समदे गेले. सिंबल, बासरी, पाखरं. माणसाचं बोलणं पण अर्धंच येतंय, अर्धं ओठावरनं. शेडमधे समदे ओठावरच बोलतात, तिथं शिकलो. मागानंच घेतलं, मागानंच शिकवलं."

"कधीपासनं?"

"तू पुढारी झाल्यापासनं." मी पुढाऱ्यांचे आवाज काढायला लागलो त्याला चार वर्षं झाली होती. म्हणजे मी कधी कुणाचा आवाज काढला, हे त्यानं ऐकलंच नव्हतं. चार वर्षं तो माझ्या विनोदांवर पब्लिकची तोंडं बघून हसत होता.

"मास्तरांना कळलं तर शेडमधे जावं लागंल," तो म्हणाला. "सांगणार न्हाईस न्हवं?"

"तुझ्या गळ्याची आण."

"माझ्या नको. तुझ्या घाल. तुझ्या गळ्यावर पोट हाय तुझं."

मी माझ्या गळ्याची घातली.

रविवारपासून आम्ही डाव टाकला. मी पब्लिककडं तोंड करून उभा राहायचो, डावा हात पाठीमागं. एक बोट म्हणजे संथ, दोन म्हणजे उडतं, मूठ म्हणजे थांब. आणि विनोद संपला की पंजा उघडायचा. पंजा दिसला की इरण्णा धडाम-टिश करायचा. इतकं बेमालूम जमलं की मास्तर एकदा म्हणाले, "जिन्नू, तू आणि इरण्णा एकाच आईच्या पोटचे दिसताय." मला आतून उकळ्या फुटायच्या. सबंध ऑर्केस्ट्राला, सबंध गावाला मी रोज एप्रिल फूल करत होतो. असली मजा मी जन्मात केली नव्हती. आणि इरण्णा असा वाजवायचा, तपकिरी सेटवर अनवाणी बसून, की लोक गायकाकडं बघायचं सोडून त्याच्याकडं बघायचे.

चार महिने असे गेले. मग यंत्रमाग कामगारांचा मेळावा आला. भर दुपार, पत्र्याचा मांडव, हजारभर माणूस. पाहुणे यायला उशीर झालेला. संयोजक खालनं हातानं खुणावत होता, ओढ, ओढ. मी तीन विनोद सांगितले. तिन्ही पडले. चौथ्याला मागनं कुणीतरी ओरडलं, "ए, गाणं लाव."

ज्यानं आयुष्यात हसवण्याशिवाय काही केलं नाही, त्याला विचारा अशा वेळी काय होतं. आणि माझ्या पोटात तर चार महिने एक असा किस्सा पडून होता, की जो सांगितला असता तर दगड हसला असता. नाव नाही घ्यायचं, मी म्हटलं. नाव कुठं घेतोय. आणि ज्याचा किस्सा, तो माझ्या पाठीमागं. त्याला माझे ओठ दिसत नाहीत.

"मंडळी," मी म्हणालो, "एक ड्रमवाला गेला सिंबल घ्यायला. दुकानदार म्हणाला, तोंड भिंतीकडं कर, मी वाजवतो, तू कानानं ओळख. एक वाजवली, न्हाई म्हणाला. दुसरी वाजवली, न्हाई. दुकानदार वैतागला. त्यानं काठी अशी उचलली, आणि मारली हवेत." मी उजवा हात हवेत मारला. मांडव शांत. "आणि ड्रमवाला म्हणतोय, हीच द्या. हिचा आवाज सुटसुटीत हाय."

पहिला हशा पुढच्या रांगेत फुटला. मी पाठीमागं पंजा उघडला.

धडाम-टिश.

मग सगळा मांडव उसळला. मागकामगार ते. प्रत्येकाच्या घरात एक बहिरा. बाप नाहीतर भाऊ, नाहीतर तो स्वतः. ते मांड्या बडवत हसले, एकमेकांना हवेत ठोके मारून दाखवायला लागले. ज्यांना ऐकू आलं नाही, त्यांना शेजारचे हातानं सांगत होते, आणि ते पण हसत होते. मी मागं वळून बघितलं. इरण्णा पब्लिककडं बघत होता आणि हसत होता. हवेतले ते हात त्याला आपल्या ठोक्याची नक्कल वाटले असतील. लोक माझ्यावर खूश आहेत म्हणून त्याला बरं वाटलं होतं. त्यानं आपणहून आणखी एक धडाम-टिश दिला.

एकटे मास्तर हसले नाहीत. ते ॲकॉर्डियन घेऊन बाजूला बसायचे. पब्लिकला माझा डावा हात दिसायचा नाही, पण त्यांना दिसायचा. चार महिने ते ती बोटं बघत होते, त्यांना वाटायचं माझी सवय असेल. आता ते माझ्या उघड्या पंजाकडं बघत होते.

कार्यक्रम संपला. इरण्णा पाठमोरा बसून चौथी थाळी स्टँडवरनं सोडवत होता, तोंडानं शीळ घालत. मास्तर त्याच्या मागं दोन हात अंतरावर जाऊन उभे राहिले. मी माईकची वायर गुंडाळत होतो. माझे हात थांबले.

"इरण्णा," मास्तर म्हणाले.

शीळ चालूच.

"इरण्णा, बेटा, तुझी आई आलीय."

इरण्णानं थाळी पुसली, फडक्यात गुंडाळली, आईनं लेकराला गुंडाळावं तशी. मास्तरांनी माझ्याकडं बघितलं. मी काही बोललो असतो तर? म्हणालो असतो, मास्तर, तो चेष्टा करतोय, मीच त्याला सांगितलंय. माझ्यासारख्या चेष्टेखोराचं हे कुणालाही खरं वाटलं असतं. आयुष्यभर खोटं बोलून पोट भरलं, आणि त्या एका घडीला माझ्या तोंडातनं खोटं निघालं नाही.

मास्तर फिरून त्याच्या पुढं आले. खाली बसले. त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून काहीतरी बोलले, सावकाश. इरण्णा त्यांच्या ओठांकडं बघत होता. मग त्यानं मान हलवली. एकदाच.

टेम्पोत सेट चढवताना मी दुसरी बाजू धरली. तो म्हणाला, "मास्तरांना कळलं."

"व्हय."

"कसं कळलं कुणास ठाऊक. चांगलं चाललं होतं." मग थोड्या वेळानं म्हणाला, "तू मगाशी काय सांगितलंस रे? लोक लई हसले. तुझ्यावर एवढे कधी हसले न्हवते."

"जुनाच," मी म्हणालो. "बायकोचा."

"मी नीट मारला न्हवं? ठोका?"

"एकदम नीट."

पुढच्या आठवड्यात तो सेट घेऊन एकटा मिरजेला गेला. नंतर मी दुकानात गेलो तेव्हा शामुवेल काकांनी मला सांगितलं. त्यांनी विचारलं, "काय झालं? अंगाला बसला नाही?" इरण्णा म्हणाला, "बसला होता." एवढंच. सेट ठेवला आणि गेला. काकांनी मला त्या दिवशी बसायला सांगितलं नाही.

महिन्याभरानं मी शेडवर गेलो. खरं सांगायचं होतं म्हणून गेलो, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगतो. कदाचित त्याच्या तोंडून "जाऊ दे लगा" ऐकायला गेलो असेन.

आत पाय टाकला आणि कानात खिळे ठोकल्यासारखं झालं. चोवीस माग एका पत्र्याखाली. दारातच एक म्हातारा कामगार बसला होता. त्यानं मला ओळखलं, मेळाव्यात बघितलेलं. त्याचं तोंड आनंदानं फाकलं. त्यानं शेजारच्याला कोपरानं ढोसलं, माझ्याकडं बोट दाखवलं, आणि उजवा हात उगारून हवेत ठोका मारला. मग कानाला हात लावला, मान डोलवली. शेजारचा हसला. त्यानं पण हवेत मारून दाखवला. पलीकडच्या मागावरच्यानं बघितलं, त्यानं मारला. आवाज कुणाचाच नाही. ओळीनं हात उठत होते आणि हवेत थांबत होते.

माझा विनोद माझ्या आधी शेडमधे पोचला होता.

इरण्णा शेवटच्या मागावर होता. अनवाणी. एक तळवा मागाच्या लोखंडावर ठेवलेला. त्यानं तो हात बघितला होता, रोज बघत असणार. मग त्यानं मला बघितलं. त्याच्या तोंडावर राग नव्हता. राग असता तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं, माझ्याकडं उत्तरं पोत्यानं आहेत.

मी त्याच्या समोर जाऊन उभा राहिलो. उजेडात, माझं तोंड त्याला नीट दिसेल असा. त्या गदारोळात मला माझाच आवाज येत नव्हता. तरी मी ओठ मोठे करून म्हणालो, "इरण्णा. माझं..."

त्यानं डोळे मिटले.

मी पुढचं सगळं बोललो. चुकलं म्हणालो. नाव घेतलं नव्हतं म्हणालो. मास्तरांशी बोलतो म्हणालो. ते बोलणं कुणीच ऐकलं नाही, मी पण नाही. तो तसाच उभा, तळवा लोखंडावर, डोळे घट्ट मिटलेले, लहान पोरानं औषधाचा चमचा बघून तोंड मिटावं तसे.

मग माझे शब्द संपले. मी गप्प उभा राहिलो, त्यानं डोळे उघडायची वाट बघत. पण मी बोलायचं थांबलोय, हे त्याला कळणार कसं?